मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेझर : सावळ्या रंगाला चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. लहान बहिणीच्या गालांवर मुरुमांचे खड्डे राहिलेत, कपाळावर काळे डाग. कोणी फोटो काढतो म्हटलं की पोरगी ओढणी गालावर ओढून घेते, पाहवत नाही.

यवतमाळच्या स्किनच्या डॉक्टरांनी फ्रॅक्शनल सीओटू लेझर सुचवलं. त्यानं त्वचेत बारीक बारीक छिद्रं पडतात, ती भरताना नवीन कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि खड्डे उथळ होतात. पूर्ण जात नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून विश्वास बसला. पण सावळ्या कातडीवर नंतर काळे डाग उमटू शकतात, उन्हापासून फार जपावं लागतं. आणि ती तर कापूस वेचायला दिवसभर वावरात!

सावळ्या रंगावर कोणी करून घेतलंय का? डाग उमटले असतील तर किती दिवस राहिले? नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात ही सोय आहे का, खर्च किती येतो? वेचणी आटोपली की लगेच उन्हाळा लागतो, मग पावसाळ्यात करावं का? पार्लरवाली स्वस्तात करून देते म्हणते, तिथे मात्र मी तिला जाऊ देणार नाही.