रक्तसंकलनाचे काम: शिक्षण कोणते घ्यावे आणि हात कसा बसतो?

प्रश्न:
मी सातारा जिल्ह्यातील असून बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले आहे. फ्लेबोटॉमिस्टचा (तपासणीसाठी रक्त काढणाऱ्याचा) काही महिन्यांचा अभ्यासक्रम करावा की डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका), हे ठरत नाही. शिवाय, शीर न सापडल्याने माझ्या आजीला तीनदा टोचलेले मी पाहिले आहे; माझ्या हातून कुणाला तसे होईल, ही धास्ती जात नाही.

उत्तर १:
लवकर कमावणे गरजेचे असेल, तर छोटा अभ्यासक्रम चालेल. पण पुढे प्रयोगशाळेत तपासण्याही करायच्या असतील, तर डीएमएलटीच करावे. प्रवेशापूर्वी मात्र प्रत्यक्ष रुग्णांचे रक्त घ्यायला कुठे आणि किती दिवस मिळेल, हे विचारा, कारण नुसत्या रबरी हातावर शिकून हात बसत नाही.

उत्तर २:
मी १४ वर्षे हे काम करतो. शीर डोळ्यांपेक्षा बोटाने शोधावी. कोपराच्या खोबणीत तर्जनीने हलके दाबले की भरलेली शीर बोटाखाली उसळते, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) दोरीसारखी टणक लागते आणि धमनी ठोके देते. वृद्धांच्या शिरा ठळक दिसतात, पण सुई लागताच सरकतात. म्हणून टोचण्याच्या जागेखालची त्वचा अंगठ्याने ताणून धरावी. टुर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाहून अधिक वेळ बांधून ठेवू नये. दोन प्रयत्न फसले, तर तिसऱ्यांदा न टोचता सहकाऱ्याला बोलवावे, त्यात कमीपणा नाही. तुमच्या आजींच्या वेळी हेच व्हायला हवे होते.

उत्तर ३:
टोचण्याइतकेच ट्यूबकडेही लक्ष हवे. नवखी असताना मी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले रक्त लाल ट्यूबमध्ये ओतले. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) पोटॅशियम असते, त्यामुळे अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले आले. डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी पुन्हा रक्त मागवले, म्हणून रुग्णावर चुकीचे उपचार झाले नाहीत. तेव्हापासून मी एका ट्यूबमधले रक्त दुसरीत ओतत नाही; आणि एकीतले रसायन दुसरीत जाऊ नये म्हणून ट्यूब भरताना आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी, हा क्रम मी मोडलेला नाही. ट्यूबवर नाव रुग्णाच्या समोरच लिहावे, आणि तेही त्याच्याच तोंडून ऐकून.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची आभारी आहे. सुई स्वतःलाच टोचली तर काय करावे?

उत्तर २:
वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. अनेकदा तेव्हाच ती टोचते. टोचलीच, तर जखम न पिळता साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना कळवावे, कारण एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस-बी लसीचे डोस मात्र प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच घ्यायला लागा; तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.