गाडीत अ‍ॅम्प आणि नवे स्पीकर : पुणेकरांचे अनुभव

गाडीचा आवाज सुधारायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो सबवूफर (फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर) किती इंची घ्यायचा. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. आधी पुढची स्पीकरची जोडी, दारं आणि वायरिंग. पैसे उरले तर सब. पण हे एकट्याचं मत झालं. ज्यांनी अ‍ॅम्प (स्टिरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरना ताकद देणारं यंत्र) बसवलाय त्यांनी काय घेतलं, कुठे अडलं, कानाला काय फरक जाणवला ते मोकळेपणाने लिहा. दुकानाबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता.

कोथरूड, हॅचबॅक

मी शास्त्रीय संगीत ऐकणारा. गाडीसोबत आलेल्या स्पीकरवर डग्गा नुसता टपटप वाजायचा, घुमारा नाहीच. साडेसहा इंची कंपोनंट जोडी (दारातला स्पीकर आणि ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगवेगळे) घेतली आणि चार चॅनलचा अ‍ॅम्प, प्रत्येक चॅनलला ५० वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद). खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात ते पीक वॉट, म्हणजे क्षणभराची ताकद, ते बघूच नका.

पण खरा फरक दारांनी पाडला. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढचा खर्ज खाऊन टाकतो. ती भोकं बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल शीट (पत्र्याची थरथर थांबवणाऱ्या रबरी शीट) चिकटवल्या. अ‍ॅम्प जोडायच्या आधीच डग्ग्याची मींड ऐकू यायला लागली! आता भीमसेनजींच्या आवाजामागचे तानपुरे चांदणी चौकाच्या चढावर इंजिन ओढत असतानाही सुटे ऐकू येतात. ट्वीटर अजून डॅशबोर्डवर तात्पुरते चिकटवलेत. ते पुढच्या काचेशेजारच्या खांबात बसवावेत का, कुणी सांगेल?

सिंहगड रस्ता

दारांचा विषय निघालाच आहे म्हणून पावसाळ्याबद्दल लिहिते. काचेवरचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. शीट लावताना ती छिद्रं बुजली तर पाणी आतच साचतं आणि पत्रा गंजतो. माझ्या दारात फिटरने एमडीएफच्या (लाकडी भुसा दाबून केलेल्या) रिंगा बसवल्या होत्या, पहिल्याच पावसाळ्यात फुगल्या आणि स्पीकर खडखडू लागले. आता प्लास्टिकच्या रिंगा आहेत, स्पीकरवर मागच्या बाजूने छोटं छप्पर आहे, आणि कोन कागदाचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा. पुण्यात राहायचं तर हे करून घ्याच.

हडपसर, सेडान

शिट्टीची गोष्ट सांगतो. अ‍ॅम्प बसवून घरी निघालो तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी. आरपीएम वाढले की शिट्टीही चढायची. फिटर म्हणाला, 'अ‍ॅम्प बदला.' मला पटेना, मी इलेक्ट्रिकलचा माणूस. डिकी उघडून पाहिली तर अर्थिंगची (बॉडीच्या पत्र्याला जोडायची) वायर रंगावरच कसलेली! रंग खरवडून नागव्या पत्र्याला, पॉझिटिव्हइतक्याच जाड आणि हातभरापेक्षा आखूड वायरने अर्थिंग दिलं. पॉवर केबल आणि आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी केबल) एकाच बाजूने आल्या होत्या, त्याही दोन बाजूंना वेगळ्या केल्या. शिट्टी पूर्ण गेली.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो: केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर तोच आग टाळतो. अ‍ॅम्पवर वेगळा फ्यूज आहे म्हणून हा गाळणाऱ्या फिटरकडे गाडी देऊ नका.

पिंपळे सौदागर

मला मूळचा टचस्क्रीन काढायचा नव्हता, कारण मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली. हाय लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घेतला, स्पीकरच्याच तारांतून सिग्नल मिळतो. कपलर (मूळ सॉकेटमध्येच बसणारा जोड) वापरल्यामुळे मूळ वायर एकही कापली नाही. अ‍ॅम्प क्लास डी प्रकारचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, सीटखाली मावणारा आणि कमी तापणारा. हिंजवडीच्या रांगेत इंजिन आयडलवर, एसी चालू, तेव्हा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) तसाही कमीच करंट देतो. तिथे कमी खाणारा अ‍ॅम्प बरा.

सदाशिव पेठ

सामान तपकीर गल्लीत घेतलं, फिटिंग नाना पेठेत. वायर घेताना टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते तितक्याच गेजला कमी करंट वाहून नेतं.

गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवून घ्यायचं यंत्रावरचं बटण) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे तर मी भिंतीवर लिहून ठेवीन. स्पीकर सुटे करा, इक्वलायझर आणि क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या स्पीकरला ते वाटणारा फिल्टर) बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. चॅनलचे ५० वॉट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ साधारण १४. मीटरवर १४ व्होल्ट दिसले की थांबा. मग दाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय पास लावा, म्हणजे त्याखालचा खर्ज त्यांच्याकडे जाणार नाही.

औंध

बाबांच्या गाडीत फक्त कोअ‍ॅक्सिअल (खर्जाचा भाग आणि ट्वीटर एकातच असलेले) स्पीकर बदलले, अ‍ॅम्प नाही. विविध भारतीवरच्या निवेदकाचा शब्दन्‌शब्द आता स्पष्ट येतो. त्यांना एवढंच हवं होतं.

हडपसर, पुन्हा

कोथरूडकर, खांबात ट्वीटर बसवायच्या आधी त्यावर 'एअरबॅग' लिहिलंय का बघा. पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर उघडणारी) असेल तर तिच्यावरून वायर नेऊ नका, आरशाजवळच्या त्रिकोणात बसवा. आणि खर्ज अजूनही पातळ वाटत असेल तर एका बाजूच्या दाराच्या स्पीकरच्या दोन तारा उलट करून ऐका. भरला, तर आधीची जोडणीच उलटी होती.