कॉलेजच्या हॉकी संघासाठी शाळेतल्या मुलींशी कधी आणि कसं बोलावं?

राइट_इन

नमस्कार मंडळी. मी गोव्यात, बार्देशातल्या एका कॉलेजात फिजिकल एज्युकेशन शिकवते. स्वतः हॉकी खेळले आहे. गेल्या वर्षी कॉलेजात पहिल्यांदा मुलींचा संघ उभा केला. स्टिक धरता येणाऱ्या मुली पाचच मिळाल्या, बाकीच्या खो-खो आणि हँडबॉलमधून घेतल्या. इंटरकॉलेजिएटचा पहिलाच सामना ०-७ हरलो. परतीच्या बसमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. चूक त्या मुलींची नव्हती. मी संघ शोधायला जूनमध्ये निघाले, तोवर खेळणाऱ्या मुलींचे प्रवेश दुसरीकडे होऊन गेले होते.

म्हणून यंदा नोव्हेंबरपासूनच शाळांचे सामने बघत फिरतेय. म्हापशातल्या पेडेच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, १७ वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात डिचोलीकडची एक लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारी मुलगी, पाहिली. गोल केला नाही, मोठा हिट मारला नाही. पण चेंडू गेला की डोकं खाली घालून वीस मीटर मागे पळायची आणि पुन्हा आडवी यायची. सामना संपल्यावर मी सरळ तिच्याकडे गेले, कॉलेजचं नाव सांगितलं, नंबर दिला. तिच्या शाळेचे सर लांबून बघत होते. ते आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, दहावी तरी होऊ द्या तिची. आम्ही घडवायची आणि तुम्ही पळवायची?" मला फार लागलं.

दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. गेल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांना मी फी माफ होईल असं सांगून बसले. मला तसंच सांगण्यात आलं होतं. ऑफिसात कागद अडकला, माफी झाली नाही. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फी भरली. मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला सरावाला यायची थांबली.

तर आधी बोलायचं कोणाशी, मुलीशी, सरांशी की घरच्यांशी? शाळेच्या सामन्यात नेमकं काय बघायचं? आणि खात्रीने देता येईल असं माझ्या हातात आहे तरी काय? गोलकीपर तर मला एकही दिसलेली नाही.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

बाई, मी हायस्कूलमध्ये ३१ वर्षं पीई शिकवली, म्हणजे त्या सरांच्या जागी मी कित्येकदा उभा राहिलो आहे. त्यांचा राग तुमच्यावर नसावा. आम्ही सहावीतल्या मुलीच्या हातात स्टिक देतो, तिच्या आईला समजावतो, उन्हात घेऊन फिरतो. मग एक दिवस कोणीतरी येऊन तिला कॉलेजचं कार्ड देतं आणि आम्हाला ओळखही दाखवत नाही. आधी सरांकडे जा. मुलीचं नाव न काढता विचारा, "सर, तुमच्या संघाला माझ्याकडून काय मदत होईल?" शाळेत चेंडूही पुरेसे नसतात. तुमच्या मुलींना घेऊन त्यांच्या शाळेशी सरावाचा सामना खेळा. दोन महिन्यांनी तेच सर तुम्हाला फोन करून सांगतील की अमुक मुलगी बघा. मग सरांना सोबत घेऊन घरी जायचं. मुलीशी एकटीशी बोलणं सगळ्यात शेवटी.

आता मूळ दुखणं. महाराष्ट्रात अकरावी-बारावी बऱ्याचदा कॉलेजलाच जोडलेली असते, तिथले कोच मुलीला दोन वर्षं डोळ्यांसमोर बघतात. आपल्याकडे मध्ये हायर सेकंडरी आहे. आमच्या एका बॅचच्या १४ मुली राज्य पातळीवर खेळल्या होत्या. अकरावीत त्यांतल्या चौघींच्या हातात स्टिक उरली. कुणाच्या हायर सेकंडरीत हॉकीच नव्हती, कुणी सायन्स घेतलं आणि संध्याकाळ ट्यूशनला गेली. एक मुलगी सराव संपवून स्टँडवर येईपर्यंत तिच्या गावची शेवटची बस निघून जायची. ती आमची सर्वांत चांगली सेंटर हाफ होती. तुम्ही बारावीच्या मुली शोधताय, पण खेळणाऱ्या मुली दहावीनंतरच्या जूनमध्येच हरवलेल्या असतात. दर रविवारी सकाळी नववी ते बारावीच्या मुलींसाठी मैदान उघडं ठेवा. कॉलेजचं नाव घ्यायची गरज नाही. त्या दोन वर्षांत मुलीच्या हातून स्टिक सुटू नये, एवढं जरी जमलं तरी खूप झालं.

काय बघायचं, यावर मी रात्रभर बोलेन. शाळेच्या सामन्यात एखादी दांडगी मुलगी पंचवीस यार्डांवरून धाड्‌कन मारते, समोरच्या घाबरून बाजूला होतात, ती चेंडूमागे पळते आणि गोल. सगळे तिच्याच मागे लागतात. तुम्ही तिचा पहिला ट्रॅप, म्हणजे आलेला चेंडू ती कसा अडवते, ते बघा. चेंडू आला की स्टिकला चिकटतो की दोन फूट उडतो? मग ती मातीवर खेळते की टर्फवर, ते विचारा. मातीवर चेंडू उड्या मारत येतो, म्हणून मुली उभ्या राहून, स्टिक शेवटच्या क्षणी खाली आणून अडवतात. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू सरपटत, दुप्पट वेगाने आल्यासारखा वाटतो आणि स्टिकखालून निघून जातो. अशा मुलीला पेडेला पहिल्या दिवशी बघून नाकारू नका. गुडघे वाकवून, स्टिक जमिनीला लावून ठेवायची सवय लागायला दोन-तीन आठवडे द्या.

मग तिच्या डाव्या बाजूला चेंडू टाका. स्टिकची सपाट बाजूच चालते, पाठ लागली की फाउल. त्यामुळे डावीकडचा चेंडू घ्यायचा तर एक तर पाय हलवायला हवेत, नाही तर स्टिक उलटी फिरवायला हवी. जी पाय हलवते ती शिकणारी मुलगी आहे, रिव्हर्स तिला नंतर शिकवता येतो. तुमची ती लेफ्ट हाफ मी पाहिलेली नाही, पण चेंडू गेल्यावर वीस मीटर मागे पळणं हे कोणी शिकवून येत नाही. तुमची नजर बरोबर आहे.

गोलकीपर शाळेच्या हॉकीत शोधू नका. पॅड, किकर (बुटांवर घालायचं जाड आवरण), हेल्मेट, चेस्ट गार्ड हे सगळं महाग असतं, आणि बहुतेक शाळांत जी मुलगी हळू पळते तिला गोलमध्ये उभी करतात. फुटबॉलच्या मुलींकडे जा. गोव्यात त्या आहेत. हॉकीचा कीपर पायाने खेळतो. फुटबॉलची कीपर झेप घ्यायला भीत नाही, कोन कसा कमी करायचा ते तिला माहीत असतं. किकरने चेंडू बाजूला ढकलायला ती महिन्याभरात शिकते.

अजून एक. घरी गेलात की बाप म्हणेल, "गोंयात फुटबॉल चलता, हॉकी खंय?" त्याला सांगा, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाचा गोलकीपर लिओ पिंटो गोवेकर कुटुंबातला. त्याच संघात वॉल्टर डिसोझा. १९६४ ला टोकियोत केनियाकडून खेळलेले अलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस, एडगर फर्नांडिस हेही आपलेच, आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांचे मुलगे. मी हे सांगितलं की घरातलं कोणी ना कोणी "आमचो एक काका नैरोबीक आसलो" म्हणून पुढे सरकून बसतं. मग बोलणं सोपं जातं.

पाचवी_पुशर

ताई, मी तुमच्या त्या दुसऱ्या सेमिस्टरला थांबलेल्या मुलीच्या बाजूने लिहिते. मलाही असंच आणलं होतं, कॉलेजचं नाव सांगत नाही. टर्फवर आठवड्यातून तीनदा सराव म्हणाले होते. वर्षभरात टर्फ बघितलं ते सामन्याच्या दिवशी. वेस्ट झोनच्या इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धेला निवड झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. परत आले तर एका विषयाची इंटर्नल परीक्षा होऊन गेलेली आणि हजेरी कमी. मी एकटी चार टेबलांवर पत्र घेऊन फिरले. खेळ सोडावा असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं, मैदानावर कधीच वाटलं नव्हतं.

म्हणून फीबद्दल तुम्ही बोलूच नका. फीचं बोलणं प्राचार्यांच्या सहीच्या पत्रानेच व्हावं, पत्र नसेल तर नाही म्हणून सांगावं. तुमच्या हातात आहे ते हे: सामन्यांच्या दिवसांची हजेरी तुम्ही स्वतः लावून घ्याल, चुकलेली परीक्षा पुन्हा घ्यायला प्रत्येक शिक्षकाकडे तुम्ही जाल, मुलगी जाणार नाही. सराव किती वाजता संपणार हे ठरवाल आणि त्या वेळेला खरंच संपवाल. मैदानावर कपडे बदलायला दार लागणारी खोली असेल. मला कोणी एवढं जरी दिलं असतं तरी मी तिन्ही वर्षं खेळले असते.

आणि त्या मुलीला एकदा फोन करा. संघात परत ये म्हणायला नको. फीचं जे झालं त्याबद्दल फक्त बोला.

पेडण्याची_आई

टीचर, माझी मुलगी नववीत आहे, फॉरवर्ड खेळते. आमच्याकडे कोण आले तर मी तीनच गोष्टी विचारीन. सांजेची ती घरी कशी येणार, सोबत कोण असणार, आणि पाय मोडला तर डॉक्टरचे कोण बघणार. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे गुण मिळतात ते आम्हाला ठाऊक आहे, ते सांगत बसू नका. एकदा सकाळचा सराव बघायला आईला पण बोलवा. मी स्वतः बघितले की मगच माझा जीव शांत होतो.

फोंड्याहून_न्यूजर्सी

माझी भाची इथे अमेरिकेत कॉलेजची फील्ड हॉकी खेळते. एनसीएएमध्ये, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेत, हा खेळ फक्त मुलींचा आहे. इथले दोन रिवाज मला आवडले. पहिला, वरच्या डिव्हिजनच्या कोचला दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी मुलीशी भरतीबद्दल बोलताच येत नाही, तसा नियमच आहे. भाचीला त्या दिवशी सकाळीच पहिला फोन आला, पण तोवर तिला शांतपणे खेळता आलं. तुमच्या डिचोलीच्या सरांचं म्हणणं मला त्यामुळे पटतं. दुसरा, कोच जागेनुसार बोलतात: आमच्या दोन डिफेंडर पुढच्या वर्षी पास होऊन जाणार, तू आलीस तर पहिल्या वर्षी बेंचवर असशील, दुसऱ्या वर्षी जागा मिळवावी लागेल. मुलीला खरं काय ते कळतं. तुम्ही एका कागदावर लिहून बघा, कुठल्या जागेवर कोण आहे आणि ती कोणत्या वर्षी जाणार. मग सहा मुली हव्यात की तीनच, ते आपोआप समजेल.

राइट_इन

सगळ्यांना, देव बरें करूं. दोन आठवड्यांत जे झालं ते लिहिते.

त्या मुलीला फोन केला. तिने उचलला, पण बराच वेळ गप्प होती. मी माफी मागितली. तिच्या वडिलांशीही बोलले. ते म्हणाले, "टीचर, पैशांचं नाही हो, तुम्ही सांगितलं म्हणून मी गावात सांगितलं होतं." यावर मला काही बोलता आलं नाही. ती येईल की नाही माहीत नाही, मी विचारलंही नाही.

कागदावर नावं मांडली. स्टिक धरता येणाऱ्या त्या पाचजणींपैकी तिघी शेवटच्या वर्षाला आहेत, आणि त्या तिन्ही मागच्या फळीतल्या. मी इतके दिवस फॉरवर्ड बघत फिरत होते.

डिचोलीला जाऊन आले. सरांना म्हटलं, त्या मुलीची दहावी संपेपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही, पण तुमच्या संघाशी खेळायला आम्ही येऊ का? ते आधी गप्प होते. मग त्यांनी शाळेचं मैदान दाखवलं. गोलपोस्टच्या मागे लगेच कुंपण आहे, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, एका जागी खडी वर आली आहे. त्या खडीवरून ती मुलगी चेंडू अडवायला शिकली आहे! शनिवारी दुपारी सामना ठरला.

प्राचार्यांकडून हजेरीबद्दलचं पत्र मिळालं, सहीसकट. फीबद्दलचं नाही मिळालं, तर तो विषय मी कोणाकडे काढणार नाही. रविवारचा सराव पुढच्या आठवड्यापासून सकाळी ७ ते ९, नववीपासून पुढच्या कोणत्याही मुलीसाठी. आयांनीही यावं, बसायला खुर्च्या ठेवते. स्टिक नऊ आहेत. फुटबॉलची एक कीपर येते म्हणाली आहे, पण तिच्यासाठी पॅड नाहीत. कोणाकडे जुने पडून असतील तर कळवा.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

माझ्याकडे एक जोडी आहे, किकरसकट. उजव्या पॅडचा पट्टा तुटला आहे, म्हापशाच्या मोच्याकडून शिवून घेतो. शनिवारी डिचोलीलाच घेऊन येतो, सामनाही बघायचा आहे. हेल्मेट मात्र नाही, त्याशिवाय तिला गोलमध्ये उभी करू नका.