होमलँड सिक्युरिटीच्या पदवीसाठी कर्ज काढावे का?

पैलतीर
मुलांच्या कॉलेजनिवडीविषयी गेल्या आठवड्यात येथे एका पालकांनी लिहिले की, अमेरिकेत होमलँड सिक्युरिटीची, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेची, पदवी घेतली की सरकारी नोकरी ठरलेलीच असते, त्यामुळे कर्ज काढताना मागेपुढे पाहू नये. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. माझ्या भाच्याने याच भरवशावर एका खासगी विद्यापीठात चार वर्षे काढली. आज त्याच्या डोक्यावर ७८ हजार डॉलरचे कर्ज आहे आणि तो एका गोदामात रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. त्या कामाला कोणतीच पदवी लागत नाही.

२००२ च्या कायद्याने होमलँड सिक्युरिटी हे सरकारी खाते जन्माला आले, मार्च २००३ मध्ये २२ संस्था त्यात एकत्र आल्या आणि विद्यापीठांनी त्या नावाचे अभ्यासक्रम काढले. मात्र भरतीच्या अटी त्या नावावर बेतल्या गेल्या नाहीत. विमानतळावर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या टीएसए अधिकाऱ्याला हायस्कूल पुरते. सीमा गस्ती दलात पदवीऐवजी अनुभव चालतो. जेथे पदवी मोजली जाते, तेथेही अनेक पदांसाठी ती कोणत्याही विषयाची चालते: सरकारी वेतनश्रेणींपैकी साध्या पदवीवर जीएस-५, उत्तम गुण असल्यास जीएस-७, मास्टर्सवर जीएस-९. मग लेखाशास्त्र, संगणक किंवा अरबी भाषा का शिकू नये? निदान सरकारी दार बंद झाले तर दुसरे तरी उघडे राहील.

सह्यकडा
एका भाच्याच्या अनुभवावरून अख्ख्या विद्याशाखेला निकालात काढणे मला पटत नाही. मी १९ वर्षे न्यू जर्सीतील एका काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालयात आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आले, तेव्हा माणसे हलवणे आम्हाला जमले. परंतु झालेल्या खर्चाची फेमा या संघराज्य सरकारच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेकडून भरपाई मिळवण्यासाठी कागदपत्रे पहिल्या दिवसापासून कशी ठेवायची, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. ते मी नंतर याच विषयाच्या मास्टर्समध्ये शिकलो आणि त्या मास्टर्सशिवाय मला उपसंचालकपद मिळाले नसते. तुमच्या भाच्याने चार वर्षांत एक तरी इंटर्नशिप केली होती का?

पैलतीर
केली नव्हती, कारण तिन्ही उन्हाळ्यांत तो फी भरण्यासाठी दुकानात काम करत होता. हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण थोडा विचार करायला हवा होता. आपली फी कोणी भरली, तेही सांगावे.

सह्यकडा
दोन तृतीयांश काउंटीने भरली. माझ्या प्रश्नाचा सूर चुकला, हे मान्य करतो. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता.

पैलतीर
म्हणजे आपण नोकरीत होता आणि फी दुसऱ्याने भरली. अशा माणसाला ही पदवी उपयोगी पडते, एवढे मी नाइलाजाने कबूल करतो. मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तर सेवेतील निवडक अधिकाऱ्यांना हे मास्टर्स विनाशुल्क करता येते. अठरा वर्षांच्या मुलाला कर्ज काढून तेच करायला सांगणे ही वेगळी गोष्ट आहे.

मेधा_ओ
फीचा हिशेब सगळे करतात, सुरक्षा परवान्याचा, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, कोणी करत नाही. माझी मुलगी जन्माने अमेरिकन आहे आणि तिला सरकारी कामे घेणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीने नोकरी देऊ केली होती. या परवान्यासाठीचा एसएफ-८६ हा अर्ज भरताना परदेशातील मालमत्तेचा रकाना आला, तेव्हा तिच्या वडिलांच्या निधनानंतर सातारा जिल्ह्यातील शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचेही नाव लागले असल्याचे समोर आले. तिने ती जमीन एकदाच पाहिली आहे. चौकशी १४ महिने चालली आणि तोवर ती जागा भरली गेली.

रानवारा
भारतातील नातेवाईक किंवा जमीन यामुळे परवाना मिळतच नाही, असा समज कृपया पसरू देऊ नये. माझ्या मुलाचे आजीआजोबा नागपुरात आहेत, दर आठवड्याला त्यांचे बोलणे होते, आणि ते सर्व लिहूनही त्याला परवाना मिळाला. माहिती दडवणे सर्वांत घातक असते. एवढी अडचण होती, तर आपल्या मुलीने हक्कसोडपत्र करून द्यायला हवे होते.

मेधा_ओ
हे लिहिणे आपल्याला किती सोपे वाटले! चुलत दीर गेली सहा वर्षे तेच मागत आहेत, आणि आता त्यांना तिच्या नोकरीचे कारण मिळाले आहे. तिच्या वडिलांनी तेथे स्वतः विहीर खणून घेतली होती. त्या दीड एकरावरचे नाव कंत्राटी नोकरीसाठी पुसायचे, हे मला कदापि मान्य नाही.

रानवारा
जमिनीविषयी माझे बोलणे अस्थानी होते. तरीही नकार आणि विलंब यांत फरक आहे, हे आपणही मान्य कराल.

मेधा_ओ
फरक आहे. पण कर्जाचा हप्ता त्या १४ महिन्यांतही भरावाच लागला. शिवाय हा परवाना स्वतःहून काढता येत नाही, नोकरी देणाऱ्यालाच तो मागावा लागतो, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी मुलांना कोणीही सांगत नाही.

कर्वेनगर२२
मी पुण्यातून याच विषयाच्या मास्टर्ससाठी अर्ज करत आहे. माझ्यासारख्यांचे काय?

सह्यकडा
येथे मी पैलतीर यांच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारी नोकऱ्यांना जवळपास सर्वत्र नागरिकत्व लागते, आणि परवान्याच्या नोकऱ्यांनाही तेच. विद्यार्थी व्हिसावर येऊन या पदवीसाठी पैसे घालू नयेत.

पैलतीर, भाच्याला फेमाचे आयएस-१०० आणि आयएस-७०० हे अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगा. ते घरबसल्या होतात आणि विनाशुल्क आहेत. त्यानंतर आपल्या काउंटीच्या कार्यालयात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला सांगा, कारण आम्ही माणसे बहुधा तेथूनच उचलतो. अर्ज कसा लिहायचा, ते मी त्याच्याशी बोलेन.

पैलतीर
त्याला आज रात्री पाळीवर जाण्यापूर्वी सांगतो. आभारी आहे. मात्र आपण सुचवलेल्या या वाटेत ७८ हजारांची पदवी कोठेच आली नाही, हेही नोंदवून ठेवतो.