सहा वर्षांच्या मुलीला आइस हॉकी शिकायची आहे: आधी नुसते स्केटिंग, की थेट हॉकी?

नमस्कार. एक सामना पाहिल्यापासून माझ्या सहा वर्षांच्या मुलीने आइस हॉकीचा ध्यास घेतला आहे. घरातला झाडू उलटा धरून ती मोज्यांचा गोळा खोलीभर ढकलत असते. आम्हा नवराबायकोपैकी कोणीही आजवर बर्फावर पाऊल ठेवलेले नसल्यामुळे या खेळातले आम्हाला अक्षरशः काहीच कळत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

आमचा पहिला दिवस साफ फसला. तिचा पाय झपाट्याने वाढतो, म्हणून शाळेचे बूट घेताना करतो तोच हिशोब करून आम्ही वाढत्या अंगाचे, म्हणजे तिच्या नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे, नवे कोरे स्केट घेतले आणि आत दोन जाड मोजे घातले. बर्फावर उतरताच तिचे दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलले, गुडघे एकमेकांना टेकले आणि पाय पुढे रेटायला गेली की तो आडवाच घसरू लागला. पंधरा मिनिटे ती कठडा धरून उभी राहिली. बाहेर आल्यावर ती रडली नाही, पण "माझे पायच हॉकीचे नाहीत" असे म्हणाली आणि ते मला फार लागले.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की, तिला आधी काही महिने नुसत्या स्केटिंगच्या वर्गाला घालावे आणि पाय स्थिरावल्यावर हातात स्टिक द्यावी, की लहान मुलांच्या हॉकीच्या गटातच थेट दाखल करावे? दुसरे म्हणजे, तिचे घोटे खरोखरच कमजोर असतील का, आणि त्यासाठी काही व्यायाम करून घ्यावा का?

प्रतिसाद

घोट्यांची चिंता मनातून काढून टाका, कारण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात दोष मुलीच्या पायांचा नसून स्केटचा आहे. लहान मुलांच्या गटाला शिकवण्यात मी काही वर्षे हातभार लावला आहे आणि "घोटे कमजोर आहेत" म्हणून आणलेल्या बहुतेक मुलांच्या पायांत मापापेक्षा मोठे स्केट असायचे. हॉकीचा स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो, त्यामुळे तुमच्या मुलीचे स्केट प्रत्यक्षात दोन ते अडीच नंबर मोठे झाले. आत पाय डुगडुगत असताना कोणाचाही घोटा सरळ राहणार नाही. जाड मोज्यांनी ही फट भरून निघत नाही. उलट पात्याचा अंदाज पायाला येईनासा होतो. एकच पातळ मोजा पुरेसा आहे.

माप असे पाहावे: मोकळ्या लेसच्या स्केटमध्ये पाय घालून तिला ताठ उभे करावे, तेव्हा बोटे पुढच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत. मग टाच मागे ठोकून लेस बांधावी आणि गुडघे वाकवायला सांगावे. बोटे टोकापासून किंचित मागे सरली आणि टाच आतल्या आत उचलली गेली नाही, तर माप बरोबर आहे. लेस बोटांपाशी थोडी सैल चालते, पण पायाच्या वळणापासून घोट्यापर्यंत घट्ट हवी. हे काम पहिली काही वर्षे मोठ्या माणसानेच करावे, कारण सहा वर्षांच्या बोटांत तेवढा जोर नसतो.

पाय आडवा का घसरला, याचे उत्तरही तुमच्याच मजकुरात आहे. नवे स्केट बहुधा धार न लावता विकले जातात. पाते सुरीसारखे एका धारेचे नसते. त्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने पन्हाळीसारखी उथळ खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा असतात. पाय ढकलताना आतली कड बर्फात रुतते, म्हणून शरीर पुढे जाते. कडाच नसतील, तर ढकलण्याला आधारच उरत नाही. मूल वजनाने हलके असल्यामुळे त्याची कड मुळातच कमी रुतते. म्हणून धार लावणाऱ्याला मुलीचे वय आणि वजन सांगावे. तो त्या मानाने खोबण थोडी खोल ठेवील.

मुख्य प्रश्नावर माझे मत असे आहे की, पहिले सहा-आठ आठवडे स्टिक देऊ नये. ज्या मुलाला धड उभे राहता येत नाही, त्याच्या हातातली स्टिक हा तिसरा पाय होतो. मूल तिच्यावर भार टाकून कमरेत वाकते आणि गुडघे वाकवायला शिकतच नाही. ही खोड नंतर मोडणे फार कष्टाचे असते. मात्र स्केटिंगचे हे धडे हॉकीच्या स्केटवरच व्हावेत. फिगर स्केटच्या (बर्फावरच्या नृत्याच्या स्केटच्या) पात्याला पुढे दाते असतात, तर हॉकीचे पाते दोन्ही टोकांना गोलाईने वर उचललेले असते, त्यामुळे एकावर बसलेला तोल दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही.

दुसरा प्रतिसाद

मापाविषयी आणि धारेविषयी वर जे लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे, परंतु स्टिक न देण्याविषयी मी आदरपूर्वक असहमत आहे. माझ्या मुलाला आम्ही नुसत्या स्केटिंगच्या वर्गाला घातले होते. तिसऱ्या आठवड्यात तो कंटाळला आणि पाचव्या आठवड्यात जायला नकार देऊ लागला. पुढे लहान मुलांच्या हॉकीच्या गटात गेल्यावर पकच्या, म्हणजे स्टिकने ढकलायच्या रबरी चकतीच्या, मागे धावण्याच्या नादात आपण पडतो आहोत हेच तो विसरून गेला. ज्या मुलीला हॉकीचे वेड आहे, तिला हॉकीशिवाय सगळे शिकवायचे म्हणजे भुकेल्याला पाककृती वाचून दाखवण्यासारखे आहे.

शिवाय चांगल्या गटात इतक्या लहान मुलांना पूर्ण मैदानावर खेळवत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी संघटनेने 2009 साली मुलांच्या प्रशिक्षणाचा जो नवा आराखडा आणला, त्यात आठ वर्षांखालील मुलांसाठी मैदान आडवे विभागून छोट्या भागांत खेळण्यावर भर आहे, आणि कॅनडातही लहान वयोगटांसाठी हीच दिशा आहे. पूर्ण मैदान 60 मीटर लांब असते. तेवढ्या अंतरात एखादा चपळ मुलगा पक घेऊन पळतो आणि बाकीचे केवळ त्याच्या मागे फिरतात. छोट्या भागात प्रत्येकाच्या स्टिकला पक पुन्हा पुन्हा लागतो. पकसुद्धा हलका मिळतो: नेहमीचा काळा पक सुमारे 170 ग्रॅमचा असतो, तर मुलांचा निळा पक सुमारे 113 ग्रॅमचा. गट निवडताना या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात आणि निम्मा वेळ मुले रांगेत उभी दिसली, तर दुसरा गट पाहावा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. त्या दिवशी मी तिला उभे राहायचा आग्रह करत होते, ते आठवून अपराधी वाटले. आता साहित्याविषयी विचारते: सगळे नवेच घ्यावे लागते का? स्टिक कोणत्या हाताची घ्यावी, ती तर उजव्या हाताने लिहिते? आणि धक्काबुक्कीची मला खरोखर भीती वाटते.

पहिल्या प्रतिसादकाकडून

स्टिकबाबतचा मतभेद मला मान्य आहे. वेड एवढे असेल तर प्रत्येक वेळी शेवटची दहा मिनिटे स्टिक आणि पक द्यावा आणि त्याआधीचा वेळ मोकळ्या हातांनी शिकवावे. पण पहिला धडा पडण्याचा आणि उठण्याचा असावा, हा माझा आग्रह कायम आहे. पडताना कुशीवर किंवा गुडघ्यांवर पडावे आणि मुठी आवळून घ्याव्यात, म्हणजे पसरलेली बोटे कोणाच्या पात्याखाली येत नाहीत. उठताना दोन्ही गुडघ्यांवर येऊन एक पाऊल पुढे टेकवावे, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर दाबावेत आणि उभे राहावे. हे घरी गालिच्यावर, स्केटशिवाय, खेळ म्हणून करून घेता येते.

कोपराचे, नडगीचे आणि खांद्याचे संरक्षक, हातमोजे आणि आतून गादी असलेली चड्डी वापरलेली घेतली तरी चालते, कारण मुले ती झिजण्याआधीच त्यांना पुरेनाशी होतात. हेल्मेट मात्र नवे आणि पूर्ण चेहरा झाकणाऱ्या जाळीचे घ्यावे. वापरलेल्या हेल्मेटने कोणता आघात सोसला आहे हे बाहेरून दिसत नाही. गळ्याच्या संरक्षक पट्टीवरही तडजोड नको. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या खेळाडूचा मानेला स्केटचे पाते लागून मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या संघटनेने ऑगस्ट 2024 पासून मुलांच्या सर्व वयोगटांत ही पट्टी सक्तीची केली. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. असे अपघात विरळाच घडतात, पण पट्टी घालायला अर्धे मिनिट लागते.

धक्क्यांविषयी निश्चिंत राहा. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्यास अमेरिकेत 2011 पासून आणि कॅनडात 2013 पासून बारा वर्षांपर्यंतच्या खेळातही मनाई आहे. सहा वर्षांच्या गटात तो प्रश्नच उद्भवत नाही.

स्टिकचा हात लिहिण्यावरून ठरवू नये. वरचा हात स्टिकला दिशा देतो, म्हणून उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुले उजवा हात वर आणि डावा खाली धरतात. झाडू धरताना तिचा कोणता हात खाली असतो, ते तिला न सांगता पाहा आणि त्या हाताची स्टिक घ्या. स्केट घातल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत आणि अनवाणी असताना नाकापर्यंत यावी. तीही वाढत्या अंगाची नको! स्टिकवर लिहिलेला लवचीकतेचा आकडा (फ्लेक्स) मुलाच्या पौंडांतल्या वजनाच्या साधारण निम्मा असावा. वीस किलोच्या मुलीला वीस-बावीसच्या आसपासचा चालेल.

कपडे चढवण्याचा क्रमही सांगून ठेवतो, कारण पहिल्या दिवशी निम्मे पालक येथेच अडतात. नडगीचे संरक्षक, त्यावर लांब मोजे, मग चड्डी आणि लगेच स्केट. खांदे, कोपरे, गळपट्टी, जर्सी, हेल्मेट हे सगळे त्यानंतर. आधी खांदे चढवले, तर मुलीला खाली वाकता येत नाही आणि लेस बांधताना तुम्हाला घाम फुटतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. मोठे स्केट परत केले, मापाचे वापरलेले घेतले आणि धार लावून घेतली. पहिल्याच दिवशी ती कठडा सोडून सात पावले चालली. ती अकरा वेळा पडली, असे तिनेच मोजून सांगितले, कारण बाबांशी तिची पैज होती. झाडू धरताना डावा हात खाली असतो असे दिसल्यावर आम्ही त्या हाताची स्टिक घेतली आणि शेवटच्या दहा मिनिटांचा तोडगा लागू पडला. आता धार पुन्हा कधी लावावी, एवढेच सांगावे.

पहिल्या प्रतिसादकाकडून

बर्फावरच्या दहा ते पंधरा तासांनंतर लावावी, किंवा वळताना पाय निसटू लागला तर त्याआधीच. नखाची कड पात्यावर आडवी, अगदी हलकेच फिरवून पाहा. नखाचा बारीक भुगा निघाला नाही, तर कड बोथट झाली आहे असे समजावे. बर्फाबाहेर चालताना कडक आवरण घालावे, परंतु त्यातच स्केट ठेवून देऊ नये, कारण आतल्या ओलाव्याने पात्याला गंज चढतो. खेळ संपल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. अर्थात तिचा हात धारेला लागू नये म्हणून ते काम तूर्त बाबांकडे द्यावे, पैज ते हरले असतील तर विशेषच.