इंग्रजी गप्पांमधले वाक्प्रचार कसे शिकावेत? पुस्तकं, कार्यक्रम, युक्त्या सुचवा

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इंग्रजी वाचते, ईमेल लिहिते, व्याकरणावाचूनही फारसं अडत नाही. घोडं पेंड खातं ते गप्पांत. परदेशातल्या सहकाऱ्यांशी कॉल असतो तेव्हा मुद्द्याचं बोलणं नीट कळतं. पण सुरुवातीला आणि शेवटी ते आपापसात जे बोलतात, त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा असूनही अर्थ हाती लागत नाही. 'लेट्स प्ले इट बाय इअर' यात न कळण्यासारखा एकही शब्द नाही, पण 'आत्ता ठरवायला नको, वेळेवर बघू' हे त्यातून कसं कळावं?
नेटवर पाचशे-पाचशे इडियम्सच्या याद्या आहेत. पाठ करते, चार दिवसांत पाटी कोरी. पुस्तक, पॉडकास्ट, ॲप, काहीही चालेल. ज्यांना खरोखर फायदा झाला त्यांनी सांगा.

शब्दखोर
याद्या आधी बंद करा. त्यात जिवंत आणि मेलेले वाक्प्रचार एकाच रांगेत बसवलेले असतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे शिकवणाऱ्यांचं लाडकं, पण रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' कितीतरी जास्त ऐकू येतं.
पुस्तक हवंच असेल तर केंब्रिजचं 'इंग्लिश इडियम्स इन यूज', लेखक मायकेल मॅकार्थी आणि फेलिसिटी ओडेल. इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा दोन पातळ्या आहेत, तुम्ही पहिलीपासून सुरू करा. डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर स्वाध्याय, उत्तरं मागे. विषयवार असल्यामुळे कुठूनही उघडलं तरी चालतं.
कोश वापरणार असाल तर शिकणाऱ्यांसाठीचाच घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांचेही ऑनलाइन फुकट आहेत. अर्थाआधी 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' अशी खूण असते ती वाचा. बरेच जण नेमकी तीच सोडतात आणि मग मीटिंगमध्ये आजोबांच्या काळातलं इंग्रजी बोलतात.

कानसेन
पुस्तकाला विरोध नाही, पण तुमची तक्रार ऐकण्याची आहे, तेव्हा उपायही कानानेच करा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'द इंग्लिश वी स्पीक' ऐका. दोघांच्या गप्पांतून एका भागात एकच प्रयोग समजावतात, भाग दोन-चार मिनिटांत संपतो, संहिताही वाचायला मिळते. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे शिकणारा कुठे अडतो हे त्यांना बरोबर माहीत आहे. मधली नाटुकली कधीकधी फार बाळबोध वाटतात, तेवढी गोड मानून घ्या.
दुसरं, यूग्लिश. वाक्प्रचार टाइप केला की यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओंत तो बोलला गेलाय, थेट त्या जागी नेतं. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चार निवडताही येतात. एकाच प्रयोगाचे दहा-बारा नमुने लागोपाठ ऐकले की तो थट्टेत म्हणतात की वैतागून, हे आवाजावरूनच कळतं. कोशात ते मिळत नाही.

तिरकस
थोडा वेगळा सूर लावतो. अर्धविराम, तुम्हाला इडियम्स अडवत नाहीयेत, म्हणजे फारसे नाहीत. अडवतात ती साधी दिसणारी ठरावीक वाक्यं, ज्यांना कुठल्याही यादीत जागा नसते.
तुम्ही कामाचा ताण सांगितलात आणि समोरचा म्हणाला 'टेल मी अबाउट इट'. तो तपशील विचारत नाहीये, 'मला काय सांगता, मीही त्यातच आहे' म्हणतोय. इथे सविस्तर सांगायला बसलात की फसलात. 'यू कॅन से दॅट अगेन' म्हणजे अगदी खरं, पुन्हा म्हणून दाखवायचं नसतं. काही देऊ केल्यावर 'आय एम गुड' म्हणजे नको. 'हाउज इट गोइंग'ला बहुधा 'गुड, यू?' एवढंच उत्तर अपेक्षित असतं, तब्येतीचा अहवाल नव्हे.
मग येतात बोलण्याला वंगण घालणारे तुकडे: 'फेअर इनफ', 'दॅट सेड', 'नॉट रिअली', 'आय सी व्हॉट यू मीन', 'आय एम अफ्रेड'. शेवटच्यात भीतीचा मागमूस नसतो, नकार मऊ करायला वापरतात. हे शंभरेक तुकडे कानात बसले तर रंगीबेरंगी इडियम्सविना तुमचं सहज भागेल. त्यानंतर फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आउट' असे शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारे प्रयोग. 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'कम अप विथ' यांची गाठ रोज पडते. त्याच लेखकद्वयाचं 'इंग्लिश फ्रेझल व्हर्ब्ज इन यूज'ही आहे, मी तर तेच आधी घ्या म्हणेन.

कानसेन
+१ तिरकस. 'टेल मी अबाउट इट' भारी.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार, तिरकस यांनी दुखरी नस पकडली. आता उपप्रश्न: हे सगळं मी बोलायचं कधी? आणि पाठांतर टिकवायचं कसं?

शब्दखोर
दोन कप्पे करा, कळण्याचे आणि वापरण्याचे. पहिला हवा तेवढा वाढू दे, दुसऱ्यात मोजकेच ठेवा. निरनिराळ्या लोकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुठलाही प्रयोग दुसऱ्या कप्प्यात नको.
कारण असं की इडियमचा साचा कितपत लवचीक आहे, हे अर्थावरून कळत नाही. 'स्पिल द बीन्स' (गुपित फोडणे) उलटसुलट करून 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं. 'किक द बकेट'चं तसं केलंत तर खरोखरीची बादली लाथाडली जाते. शिवाय तो मृत्यूबद्दलचा थिल्लर प्रयोग आहे, सांत्वनाच्या पत्रात चुकूनही नको.

पोटभाडेकरू
देशही बघा. बैठकीत 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये 'विषय चर्चेला घेणे', अमेरिकेत 'तूर्त बाजूला ठेवणे'. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणूस कौतुकाने म्हणतो, ब्रिटिश माणसाच्या तोंडी ते अनेकदा 'ठीकठाक'वर थांबतं.
पाठांतर टिकवायला अँकी हे कार्डांचं ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. जे आठवत नाही ते लवकर परत विचारतं, जे पक्कं झालं ते उशिरा. मात्र कार्डावर 'वाक्प्रचार = अर्थ' लिहू नका. ऐकलेलं आख्खं वाक्य लिहा, त्यातला एक शब्द गाळा, आणि कोण कोणाला म्हणालं तेही टिपा.

तिरकस
आणि कॉलवर अडलं तर सरळ 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' विचारा. कोणी हसत नाही, उलट पुढच्या वेळी जरा सोपं बोलतात.

नवखा
वाचनखूण साठवली. मालिका बघताना सबटायटल्स ठेवावीत का?

कानसेन
इंग्रजीच ठेवा. मराठी ठेवलीत तर गोष्ट कळते पण कान झोपतात. एखादा प्रसंग आवडला की तेवढाच तुकडा सबटायटल्स बंद करून परत लावा.