एमजीबीचा गिअरबॉक्स उघडलाय, लेगिअर (खालचा गिअर-संच) ठेवू की बदलू?

मंडळी, मदत हवी आहे. 1972 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), चार गिअरची, ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गिअर) नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणलं की करकर व्हायची. डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला थांबून दोनदा क्लच) मारला की गिअर गुपचूप बसायचा. इंजिनासकट गिअरबॉक्स काढला (या गाडीत वेगळा काढता येतच नाही) आणि आता टेबलभर सुटे भाग पसरलेत.

दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) गिअरच्या कोनवर बसवून बोटाने दाबली तर थेट गिअरला टेकते, फटच उरत नाही. ती बदलणार, प्रश्न नाही. खरी पंचाईत लेगिअरची. त्याच्या शाफ्टवर नीडल बेअरिंग फिरतात तिथे नखाला लागतील असे खड्डे पडलेत, तेलाच्या तळाशी चंदेरी चुराही होता. शाफ्ट आणि बेअरिंग नवे घालतोय, पण लेगिअरच्या आतल्या भोकातही फिकट चरे दिसतात. तेवढे चालतील, की लेगिअरच बदलू?

शिवाय थ्रस्ट वॉशर निवडताना लेगिअरचा एंड फ्लोट (पुढे-मागे सरकायची मोकळीक) कसा मोजता? फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत नीट शिरतच नाही.

आधीच्या मालकाने कसलं तेल घातलं होतं देव जाणे. मी 20डब्ल्यू50 इंजिन ऑइलच घालणार आहे. प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंटही आत्ताच उरकून घेऊ ना?